वाढत्या अंगाचा चेलो : परभणीतल्या एका पोरीचं पहिलं सव्वा वर्ष

आधीच सांगून टाकतो, मी चेलोचा मास्तर नाही. मी पेटी आणि व्हायोलिन शिकवतो, परभणीत, घराच्या वरच्या खोलीत, संध्याकाळी पाच ते आठ. सोळा-सतरा पोरं येतात, त्यातली निम्मी परीक्षेच्या सर्टिफिकेटसाठी आणि दोन-तीन खरंच वाजवायला. तरी हे प्रकरण लिहायला बसलोय कारण ह्यात जे बिघडलं ते माझ्यामुळं बिघडलं, आणि बिघडलं तेव्हा पाच महिने मी दोष त्या लेकरावर टाकत होतो.

जून २०२३. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. आई झेडपीच्या शाळेवर मॅडम, वडील बँकेत, घरात भजनी मंडळवाली आज्जी. पोरीनं मोबाइलवर कुठंतरी चेलो ऐकला आणि डोक्यात घेतला. वडील तिला घेऊन माझ्याकडं आले, म्हणले, "सर, हिला ते मोठं व्हायोलिन पाहिजे म्हणायलीय, खाली टेकवून वाजवतात ते." मी म्हणलो, चेलो. ते म्हणले, "सेलू?" मी परत म्हणलो, चेलो. तर पायऱ्या चढून दमलेल्या आज्जी मागून म्हणतात, "सेलूला कामून जायचंय आता?" सेलू हे आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. परभणी जिल्ह्यात राहून चेलो शिकायचा म्हणजे हे आयुष्यभर चालणार, तयारी ठेवा.

मी आपलं तिला व्हायोलिनकडं वळवायचा प्रयत्न केला, माझ्याकडं अर्ध्या साइझचं व्हायोलिन पडूनच होतं. दहा मिनिटं तिनं हनुवटीखाली धरलं आणि म्हणाली, "सर, हे कानात ओरडायलंय." खोटं नाही ते. व्हायोलिनची बारीक तार कानापासून वीतभर लांब असते. चेलोच्या चार तारा पेटीच्या भाषेत सांगायच्या तर जाड ते बारीक अशा पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, आणि त्यातली सगळ्यात बारीक तार २२० हर्ट्झची, म्हणजे व्हायोलिनच्या त्याच नावाच्या तारेपेक्षा अख्खं एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ६५ हर्ट्झ. पांढरी एकमधे गाणारा बाप्या माणूस जिथं सा लावतो त्याच्या खालचा खर्ज. हा आवाज पोटात लागतो, आणि काही लेकरांना तोच पाहिजे असतो. मी नाद सोडला.

मग खरेदी. आणि इथंच माशी शिंकली.

वडिलांनी मोबाइलवर सगळं बघून ठेवलेलं होतं. "सर, ह्याच्यात साइझ असतात म्हणे, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. कोणता घेऊ?" आता मला साइझ माहीत नाहीत असं नाही, व्हायोलिनला मी स्वतः लेकरांचे हात मापून साइझ देतो. पण मी विचार असा केला की व्हायोलिन हातात धरावं लागतं, चेलो तर जमिनीवर टेकलेला असतो, वजनाचा प्रश्नच नाही, मग दोन-दोन वर्षांनी बदलत बसण्यापेक्षा एकदाच पूर्ण साइझचा घेतलेला बरा. वडिलांना हे फारच पटलं. पटणारच. आपल्याकडं लेकराचं सगळंच वाढत्या अंगाचं असतं, शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा, बूट एक नंबर मोठा आणि पुढं कापूस कोंबलेला, सायकल तर बापाचीच. मी स्वतः चोवीस इंची सायकलवर मधून पाय घालून कैची मारत शिकलो, जिंतूर रोडला दोनदा फुटलो, पण आली की सायकल! तर ठरलं, पूर्ण साइझ, बॅग आणि बो (वाजवायचा गज) धरून पंचवीस हजाराच्या आत.

खोकं आलं तेव्हा अख्खी गल्ली जमा. आत चेलो, पण तारा ढिल्या आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, वेगळी पडलेली. वडील घाबरले, मोडकं आलं म्हणून. तसं नसतंय. चेलोची घोडी चिकटवलेली नसतेच, तारांच्या दाबावर उभी राहते, पोटावरची ती इंग्रजी एफसारखी दोन भोकं असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला एक-एक बारीक खाच असते, दोन्ही खाचांच्या मधली रेघ धरून घोडीचे पाय ठेवायचे, घोडीची ठेंगणी बाजू बारीक तारेकडं. हे व्हायोलिनमुळं मला येत होतं. आतमधे साउंडपोस्ट म्हणून एक लाकडी काडी असते, तीसुद्धा नुसती अडकवलेली असते, सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती पडू शकते आणि पडली तर बसवणं आपलं काम नव्हे. भोकातून मोबाइलची टॉर्च मारून बघितलं, काडी उभी होती, नशीब. (म्हणून तारा बदलायच्या तर एकेक करून बदला, चारही एकदम काढून बसू नका.)

तारा चढवल्या, बो आवळला, पोरीच्या हातात दिला, तिनं ओढला, आणि आवाजच नाही. नुसती सुर्र. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा, "सर, पीस डिफेक्टिव्ह आलाय का?" नवीन बोच्या केसांना राळ लागलेली नसते आणि राळेशिवाय घोड्याचा केस तारेला धरत नाही, नुसता घसरतो. राळेची नवी वडीसुद्धा काचेसारखी गुळगुळीत होती, तिचा वरचा थर पॉलिश पेपरनं खरडला, बो तिच्यावर चाळीस-पन्नास वेळा फिरवला, परत ओढला. ह्या वेळी जाड तार बोलली. कोपऱ्यात तांब्या होता, त्याच्यावर पालथं घातलेलं फुलपात्र थरथर वाजायला लागलं. पोरगी बो तसाच धरून त्या फुलपात्राकडं बघत बसली. आज्जी म्हणल्या, "मास्तर, हे तर पखवाजाच्या धुमासारखं घुमायलंय." त्या दिवशी सगळे खूष.

जुलै ते नोव्हेंबर मी तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मला जेवढं येतंय तेवढं ढकललं. पहिल्या पंधरा दिवसात तर मी तिला व्हायोलिनची बोटं सांगत होतो, रे ला पहिलं, ग ला दुसरं, म ला तिसरं. चेलोवर ते चालत नाही, अंतरं मोठी असतात, शेजारशेजारच्या दोन बोटांमधे अर्धा स्वरच मावतो, म्हणून रे पहिल्या बोटानं, शुद्ध ग तिसऱ्यानं आणि म चौथ्या म्हणजे करंगळीनं, दुसरं बोट कोमल ग चं. हे मला व्हिडिओ बघून कळलं, दुरुस्त केलं, आणि वाटलं झालं आता.

माझ्याकडं प्रत्येक पोराची वही असते, त्यात मी रोजचं लिहितो. तिच्या वहीचं ऑगस्टचं पान आत्ता समोर आहे. १४ तारीख, ग कमी (म्हणजे सूर उतरलेला). १६, ग कमी. १९, ग कमी, म पण कमी, लक्ष नाही. २३, हात दुखतो म्हणते, कारणं सांगते. २६, ग कमी. सप्टेंबरमधे तर मी लिहायचं पण सोडलं, नुसत्या खुणा आहेत. "कारणं सांगते" ह्या दोन शब्दांवर माझी नजर आता जाते तेव्हा काय वाटतं ते मी लिहीत नाही.

ती बसायची कशी ते सांगतो म्हणजे कळेल. माझ्याकडची प्लास्टिकची हाताची खुर्ची, ती मागं कललेली असते, लेकरू त्यात मागं घसरतं. पाय जमिनीला अर्धेच टेकलेले. चेलोचा वरचा भाग छातीवर यायच्या ऐवजी गळ्याशी, खुंट्या डोक्याच्याही वर. सा वाजवायला काही लागत नाही, मोकळी तार आहे, पण ग म वर हात न्यायचा म्हणलं की डावा खांदा कानापर्यंत वर जायचा आणि मनगट मोडल्यासारखं आत. वर माझं सांगणं काय, तर "बेटा, खांदा खाली." खांदा खाली घेतला की बोट पोचत नव्हतं, बोट पोचवलं की खांदा वर. बिचारी एकदा हे एकदा ते करत होती.

दिवाळीत ती यायची बंद झाली. दिवाळीनंतर आई भेटल्या, म्हणल्या, "सर, तिचं मन भरलं वाटतं, लेकरांचं असंच असतं." चेलो कपाटाशेजारी उभा, आणि त्याच्या मानेवर आज्जीची शाल.

मी पण विषय सोडून दिला असता. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या ओळखीत चेलो शिकवणाऱ्या एक ताई निघाल्या, सहज म्हणून डिसेंबरमधे फोन केला. त्यांनी पोरीला काय येतं हे विचारलंच नाही. विचारलं ते असं, उंची किती, खुर्चीची उंची किती, बसल्यावर गुडघे चेलोला कुठं लागतात, आणि सगळ्यात जाड तारेची खुंटी कुठं येते, डाव्या कानाच्या मागं का डोक्याच्या वर. मला एकाचंही उत्तर नीट देता येईना. माझ्या मोबाइलमधे ऑक्टोबरचा चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ होता, तो पाठवला. पाच मिनिटात फोन आला, म्हणल्या, "सर, तिचा ग कमी लागत नाहीये, तिचं बोट तिथपर्यंत जातच नाहीये. हा चेलो तुमच्या मापाचा आहे, तिच्या नाही."

मग मी टेप घेऊन तिच्या घरी गेलो आणि जे जूनमधे करायचं ते डिसेंबरमधे केलं. पोरीची उंची १२७ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट दोन. ह्या उंचीला अर्ध्या साइझचा चेलो लागतो. ढोबळ हिशोब असाय की चार फुटापासून साडेचार फुटापर्यंत अर्धा, तिथून पाच फुटापर्यंत पाऊण आणि पाच फुटाच्या वर पूर्ण, चार फुटाच्या आतल्या लेकराला पाव, आणि त्याहून चिमुकल्यांसाठी एक अष्टमांश पण मिळतो, पाच-सहा वर्षांची लेकरं त्याच्यावर मजेत सुरू करतात. वय बघायचं नाही, उंची आणि हात बघायचा. आणि दोन साइझच्या मधे अडकलं असेल तर लहान घ्यायचा, मोठा नाही. म्हणजे आपल्या बुटाच्या नियमाच्या बरोबर उलटं.

आणखी एक गंमत, अर्धा म्हणजे खरोखर अर्धा नसतो. पूर्ण चेलोचं पोट साधारण ७५ सेंटीमीटर लांब, अर्ध्याचं ६५ च्या आसपास. मी वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणले, "मग सर दहा सेंटीमीटरनं असा काय फरक पडतो?" म्हणून आम्ही तार मापली. वरच्या खाचेपासून घोडीपर्यंत आमच्या मोठ्या चेलोची तार ६९ सेंटीमीटर. त्याच्यावर रे येतो वरून साडेसात सेंटीमीटरवर, ग चौदावर, म सव्वासतरावर. (म काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही, तारेचा बरोबर पाव भाग सोडला की म.) अर्ध्या चेलोची तार ५९ ची, त्यावर रे साडेसहावर, ग बारावर, म पावणेपंधरावर. म्हणजे पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत मोठ्यावर पावणेदहा सेंटीमीटर ताणायचं आणि लहानावर सव्वाआठ. दीड सेंटीमीटरचा खेळ. कागदावर दोन रेघा ओढून मी पोरीला म्हणलं हात ठेव. सव्वाआठवर तिची बोटं आरामात गोल बसली. पावणेदहावर बोटं ताठ झाली आणि खांदा, आपोआप, वर. चेलो नाही, तार नाही, नुसता वहीचा कागद, तरी खांदा वर! वडील काही बोलले नाहीत, आज्जीच म्हणल्या, "अगं बाई, लेकराचा हातच पुरंना की."

जानेवारीत अर्धा चेलो पुण्याहून भाड्यानं आणला, डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं. विकत घ्यायचा नाही हे ताईंनी बजावलं होतं, दोन-अडीच वर्षात उंची पुढं जाते. पनवेल गाडीनं आणला, रात्रभर आईच्या पायाशी आडवा. समोरच्या बर्थवरच्या बाबांनी काय आहे म्हणून विचारलं तर पोरगी म्हणाली "चेलो", बाबा म्हणले "सेलूला उतरायचंय व्हय, मग ही गाडी नाही जात." मायलेकी हसून बेजार.

घरी आल्यावर पहिला आठवडा एक सूर वाजवला नाही, नुसतं बसायचं कसं हे. खुर्ची पहिली. मांड्या जमिनीला समांतर पाहिजेत, तळवे पूर्ण टेकलेले, बसायचं पुढच्या कडेवर. तिच्या गुडघ्याखालची उंची निघाली ३३ सेंटीमीटर, असली खुर्ची बाजारात कुठं मिळणार, तर घरातला जुना लाकडी स्टूल सुताराकडून चारही पायांना खालून बारा सेंटीमीटर कापून घेतला. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला खर्च तोच, तीस रुपये. मग चेलो असा, की वरची कड छातीच्या मधल्या हाडावर, खालचे दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या आतल्या बाजूला आणि जाड तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागं. बरोबर बसलं की दोन्ही हात सोडून दिले तरी चेलो पडत नाही. तिनं हात सोडले, चेलो राहिला, तिनं टाळ्या वाजवल्या.

आज्जींचा प्रश्न वेगळाच, "मांडी घालून का नाही वाजवत, आपली पेटी तंबोरा सगळं खालीच असतंय." प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सास्किया राव-दे हास म्हणून मूळच्या हॉलंडच्या बाई आहेत, दिल्लीत असतात, आपलं शास्त्रीय चेलोवर वाजवतात, त्यांनी लहान आकाराचा आणि तरफा (आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा) लावलेला भारतीय चेलो करून घेतला आणि त्या खाली बसूनच वाजवतात. आज्जींना व्हिडिओ दाखवला, आज्जी खूष. पण सुरुवातीला लेकराला स्टूलच बरा.

मग सळई. चेलोच्या बुडाला जी लोखंडी सळई असते ती एंडपिन, जुन्या काळी वाजवणारे चेलो पोटऱ्यांमधे दाबून धरायचे, एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या सेर्वेनं सळई वापरली आणि तिथून तिचा प्रसार झाला म्हणतात. त्या सेर्वेकडं शहाबादी फरशी नसणार. आमच्याकडं चेलो दर दोन मिनिटाला सुर्रकन पुढं. उपाय वडिलांच्या जुन्या कमरेच्या पट्ट्याचा, एक टोक स्टुलाच्या पुढच्या पायाला बांधायचं आणि सळईचं टोक बकलच्या भोकात. दोन महिन्यांनी तिची स्वतःची रबरी चकती आली तरी ती पट्टाच मागते.

फिंगरबोर्डवर, म्हणजे तारा जिथं बोटांनी दाबतात तिथं, खुणेच्या पट्ट्या लावायच्या होत्या. इलेक्ट्रिशियनची टेप लावू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि बोटं चिकटतात, हे आम्ही मोठ्या चेलोवर भोगलं होतं. ह्या वेळी गाड्यांवर पट्टे मारणाऱ्या रेडियमवाल्याकडून दोन मिलिमीटरच्या तीन पट्ट्या कापून आणल्या, रे ग म. आणि पट्टी आधी मापानं, मग कानानं सरकवायची. कान आज्जींचा. चाळीस वर्षं हरिपाठ म्हणणाऱ्या बाईचा कान काय असतो ते मला तेव्हा कळलं, मी ट्यूनर ॲप लावून बसलोय आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "म जरा चढलाय!" ॲप बघितलं तर चढलाच होता.

बो धरणं हा वेगळा महिना. ताईंनी आधी पेन्सिलवर करायला सांगितलं. अंगठा वाकलेला, त्याच्या समोर मधलं बोट, बाकीची बोटं सैल लोंबलेली, असं सांगून काही होईना, मूठच आवळायची. शेवटी आईनं सांगितलं, "कासारणीपुढं हात धरतो ना बांगड्या भरायला, मनगट ढिलं सोडून, तसा धर." झालं काम. मला वीस वर्षात व्हायोलिनच्या पोरांना हे सुचलं नाही, आता सगळ्यांना हेच सांगतो, पोरांना सांगितलं की लाजतात एवढंच. बाकी नियम दोनच, वाजवायच्या आधी केस आणि काडी ह्यांच्यामधे पेन्सिल मावेल एवढाच बो आवळायचा, वाजवून झाला की ढिला करायचा. विसरली की आज्जी आठवण करतात.

आणि काय वाजवायचं? ताईंचा सुरुवातीचा क्रम पाश्चात्त्य आहे, पांढरी दोनच्या तारेवरून. मी फक्त त्याला आपली नावं दिली. पांढरी दोन मोकळी म्हणजे सा, पहिलं बोट रे, तिसरं ग, चौथं म, मग शेजारची बारीक तार मोकळी म्हणजे प, परत पहिलं ध, तिसरं नि, चौथं सा. बिलावल झाला. दोन्ही तारांवर बोटं तीच! त्यातून म आणि नि काढला की भूप, शून्य-एक-तीन, शून्य-एक-चार, शून्य म्हणजे मोकळी तार. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं भूपाचा आरोह-अवरोह बोनं वाजवला आणि ग, ऑगस्टपासून वहीत "कमी" लिहिलेला ग, पट्टीवर सरळ बसला. खांदा खाली होता. मी सांगितलं नव्हतं. (एक मोह मला झाला होता, तारा उतरवून तिच्या गाण्याच्या पट्टीत लावायचा, आपण व्हायोलिन लावतो तसा सा प सा प. ताईंनी नको म्हणलं, अर्ध्या चेलोच्या तारा ठराविक ताणाला बनवलेल्या असतात, उतरवल्या की भसभसतात.)

रियाज रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी. आज्जी समोर बसणार. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८ ते १९९८) लहान लेकरांच्या शिकवण्यासाठी प्रसिद्ध आहेत, लेकरू मातृभाषा जशी ऐकून उचलतं तसं वाद्य, आणि क्लासला घरचं एक माणूस सोबत पाहिजेच हा त्यांचा आग्रह. आमच्याकडं सुझुकी म्हणलं की मोटरसायकल, पण पद्धत आज्जींनी न वाचताच अंमलात आणली. शेजारचे काका मात्र आठवड्यातून एकदा विचारतात, म्हैस व्यायली का म्हणून.

ऑनलाइन तासाचं थोडं सांगतो, कारण आपल्या भागात बहुतेकांना तेच करावं लागणार. आठवड्याला अर्धा तास ताई, मधे दोनदा मी, आणि तीन महिन्यांनी एकदा पुण्याला प्रत्यक्ष. मोबाइल समोर सरळ ठेवला तर चेलोच्या मागं लेकरू दिसत नाही, जरा तिरपा, डाव्या अंगानं ठेवायचा, म्हणजे डावा हात, घोडी आणि बो तिन्ही दिसतात. साध्या व्हिडिओ कॉलवर लांब सूर मधेच गायब व्हायचा, आम्हाला वाटलं नेट. नेट नव्हतं, ते ॲप पाठीमागचा आवाज कापतं आणि त्याला चेलोचा एकसुरी लांब आवाज पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. ज्या ॲपमधे मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सेटिंग आहे ते घ्या आणि चालू करा. जाड तार तर मोबाइलच्या स्पीकरवर नीट ऐकूच येत नाही, ती पुण्याला गेल्यावरच तपासायची.

मे महिना आला. परभणीचा मे. बाहेर चव्वेचाळीस, खोलीत दिवसभर कूलर, म्हणजे आत ओल, आणि लाइट गेली की दोन तासात सगळं कोरडं ठणठणीत. लाकूड ह्याला वैतागतं. सकाळी खुंट्या सैल पडून तारा लोळलेल्या, संध्याकाळी खुंटी फिरता फिरेना. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नुसती फिरवली तर सुटते, आणि बारीकसारीक सुधारणा खालच्या टेलपीसवरच्या (तारांची खालची टोकं जिथं अडकवतात तिथल्या) छोट्या स्क्रूंनी करायची, खुंटीला हात कमी. हे निभलं. पण एक दिवस जाड तारेवर बझ यायला लागला, टिनाच्या डब्यासारखा. कडेनं बोटांच्या पेरांनी टकटक करत गेलो तर एका ठिकाणी आवाज बदलला, पोट आणि बाजूची पट्टी ह्यांच्यामधे कागद जाईल एवढी फट. कूलरच्या झोतासमोर ठेवलेला होता, आणखी काय होणार.

वडील निघाले चेलो घेऊन सुताराकडं, तोच स्टूलवाला, "फेविकॉलनं दोन मिनिटात बसवतो म्हणलाय." मी अक्षरशः गाडी आडवी घातली. चेलोचे जोड सरसानं मुद्दामच असे चिकटवतात की ताण आला तर लाकूड फाटायच्या आधी जोड सुटावा, आणि दुरुस्तीला परत उघडता यावा. फेविकॉल लावला की तो जोड पुन्हा नीट उघडत नाही, पुढच्या वेळी लाकूडच फाटतं. शिवाय भाड्याचा माल. तारा जरा उतरवून, सगळ्या सोडून नाही, पुण्याला पाठवला, आठ दिवसात नीट होऊन आला. त्या आठ दिवसात पोरगी पेन्सिलवर बो धरत बसायची आणि कागदावरच्या रेघांवर बोटं. नोव्हेंबरमधे जिचं मन भरलं होतं म्हणे ती हीच. आता चेलो आतल्या खोलीत असतो, कूलरपासून लांब, भिंतीला पण चिकटून नाही, उन्हाळ्यात बॅगेत.

१७ जुलै २०२४ ला आषाढी. आज्जींचं मंडळ गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ करतं. आज्जींनी परस्पर ठरवून टाकलं की नात साथ करणार. मला घाम फुटला, सहा महिन्यांचं लेकरू, अभंगाची साथ कुठली करणार. ताईंना विचारलं, त्या म्हणल्या चाल वाजवू नका, फक्त दोन मोकळ्या तारा, पांढरी दोन आणि पांढरी सहा, सा आणि प, लांब बो. तंबोऱ्याचं काम. पेटीवाल्या काकू काळी एकच्या सवयीच्या, त्यांना अर्धा सूर चढवायला राजी करायला दोन दिवस लागले, आणि पखवाजवाल्या काकांनी कुरकुर करत करत पखवाज चढवून घेतला. पोरगी कापलेल्या स्टुलावर, पट्टा स्टुलाच्या पायाला, शेजारी टाळ घेऊन आज्जी. वीस मिनिटं ती दोनच तारा वाजवत होती. पहिली पाच मिनिटं बो थरथरत होता, तारेवर उड्या मारत होता, मग कधीतरी बायकांचा आवाज चढला आणि तिला स्वतःचं ऐकू येईना झालं, तिथून बो सरळ चालला. मी मागं खांबाला टेकून उभा होतो, हात खांबावर होता, आणि खांबाला सा लागत होता.

सप्टेंबरमधे वडिलांनी परत टेप काढला. आता त्यांच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, दर तीन महिन्याला एक, सगळ्यात वरची १३३ ची. त्याच्या वर १३७ ला लाल स्केचपेननं त्यांनी "पाऊण" लिहून ठेवलंय आणि खूप वर, त्यांना स्वतःला हात उंच करून लिहावं लागलं असेल, "पूर्ण". मला म्हणले, "सर, चारच सेंटीमीटर राहिलेत, आत्ताच पाऊण घेऊन टाकू का, वाढत्या अंगाचा?" मी काही म्हणायच्या आत पोरगीच आतून ओरडली, "बाबा, नाही!"

मोठा चेलो अजून कपाटाशेजारीच आहे. शाल काढली आहे. आज्जी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसतात आणि जाता जाता जाड तार एकदा बोटानं छेडून बघतात.